छातीतली नळी ठेवा, पण माणसाला खाटेला बांधू नका

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र राज्य

विषय: फुप्फुस कोलमडलेल्या रुग्णांसाठी एकमार्गी झडप रुग्णवाहिकेत आणि बाह्यरुग्ण विभागात उपलब्ध करून देण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी छातीच्या आजारांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. आपल्याकडे रोज ढीगभर निवेदनं येत असतील. कुणाला नवी इमारत हवी असते, कुणाला यंत्रसामग्री, कुणाला पदभरती. माझी मागणी तळहातावर मावेल एवढ्या वस्तूची आहे. पण ती वस्तू वापरता यावी म्हणून आपले दोन-तीन नियम बदलावे लागतील आणि ते आपल्याच हातात आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

फुप्फुसाभोवती दोन पातळ आवरणं असतात. त्यांच्यामधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुप्फुस ताणलेलं, फुललेलं राहतं. फुप्फुसाच्या पृष्ठभागावरचा एखादा फोड फुटला, बरगडी मोडून आत टोचली किंवा आजाराने पोखरलेली जागा फाटली, की हवा या पोकळीत शिरते आणि फुप्फुस आक्रसतं. आम्ही याला न्यूमोथोरॅक्स म्हणतो, वॉर्डात नुसतं ‘न्यूमो’. नातेवाईक म्हणतात, ‘छातीत हवा झालीय.’

हा आजार दोन अगदी वेगळ्या माणसांना गाठतो. एक, विशी-तिशीतला उंच, सडपातळ पोरगा. बहुतेक वेळा विडी-सिगारेट ओढणारा, एरवी ठणठणीत. बसल्या जागी एका बाजूला कळ येते आणि दम लागतो. दुसरा, फुप्फुस आधीच खराब झालेला रुग्ण: जुना टीबी झालेला, चुलीच्या धुराने किंवा तंबाखूने दमेकरी झालेला. आपल्या राज्यात हा दुसरा प्रकार फार दिसतो, कारण टीबी फार आहे. या दोघांची गल्लत करू नये. माझ्या मागणीतला घरी पाठवण्याचा भाग मुख्यतः पहिल्या माणसासाठी आहे. प्रवासाचा भाग दोघांसाठी आहे.

आज आपल्याकडे या दोघांवर जवळजवळ सगळीकडे एकच उपचार होतो. बरगड्यांमधून नळी घालायची, म्हणजे ‘आयसीडी टाकायची’, आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवायचं. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, पाण्यामुळे बाहेरची हवा आत जात नाही. हॅम्बर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५च्या सुमारास वापरात आणलेली ही युक्ती आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. बाटलीशी माझं भांडण नाही. मोठी गळती असेल, पू किंवा रक्त येत असेल, रुग्ण गंभीर असेल, तर मी आजही बाटलीच लावते आणि उद्याही लावीन.

पण बाटली खाटेसाठी बनली आहे. ती जमिनीवर, छातीच्या खाली, सरळ उभी राहिली तरच काम करते. आडवी झाली की पाण्याची अडवणूक संपते आणि हवा उलटी आत ओढली जाते. छातीच्या वर उचलली की बाटलीतलं पाणी नळीतून छातीत उतरू शकतं. त्यामुळे बाटली लावलेला माणूस हलला की धोका सुरू होतो.

आमच्या वॉर्डात संध्याकाळी येऊन पाहा. ओळीत एक तरी असा पोरगा असतो, ज्याला आता काहीच होत नाही. दम नाही, ताप नाही, ऑक्सिजन ९८. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होतं आहे, खोकला की दोन बुडबुडे येतात. म्हणजे गळती थोडीशी शिल्लक आहे, नळी काढता येत नाही. तो कुशीवर वळत नाही, कारण नळी ओढली जाते. संडासला जाताना भाऊ वाकून बाटली धरतो आणि दोघे एका चालीने पावलं टाकत जातात. वाटेत फरशी पुसणाऱ्या मावशी ओरडतात, “बाटली वर नको रे उचलू!” त्या सगळ्यांना तेच सांगतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. रात्री तो भाऊ खाटेखाली बाटलीशेजारीच झोपतो, कुणाचा पाय लागू नये म्हणून. दोघांचीही रोजंदारी बुडालेली असते. राउंडला एकच प्रश्न असतो, “मॅडम, घरी कधी?” त्याला देण्याजोगं वैद्यकीय कारण माझ्याकडे एकच आहे: त्याच्या छातीला जोडलेली वस्तू घरी नेता येत नाही.

घरी नेता येईल अशी वस्तू साठ वर्षांपूर्वीच निघाली आहे. हेन्री हाइमलिक या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९६०च्या दशकात ती केली. घशात घास अडकल्यावर पोटावर दाब देण्याची युक्ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे. पारदर्शक नळकांड्यात एक चपटी रबरी नळी, बस. आतून हवा आली की चपटे ओठ उघडतात, आत ओढली जायला लागली की मिटतात. जुन्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचं तत्त्व ज्याला ठाऊक आहे, त्याला ही झडप समजावून सांगावी लागत नाही. हिला पाणी लागत नाही, ती सरळ उभी ठेवावी लागत नाही, वीज तर नाहीच. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याने ती मोठ्या प्रमाणावर वापरली, कारण जखमी सैनिकाला स्ट्रेचरवरून, हेलिकॉप्टरमधून नेताना काचेची बाटली सांभाळणं अशक्य होतं.

आता या झडपेच्या पुढच्या पिढीची साधनं आहेत. ब्रिटनमध्ये वापरात असलेल्या एका साधनात बारीक नळी, म्हणजे ८ फ्रेंच मापाची (जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जाड), थेट छातीवर चिकटणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या डबीला जोडलेली असते. झडप त्या डबीतच असते, थोडा स्राव आला तर तो तिथेच साठतो आणि सिरिंजने काढून घेता येतो. वरून शर्ट घातला की दिसतही नाही.

आधी प्रवासाचं बोलते, कारण तिथे वाद घालण्यासारखं काहीच नाही.

गडचिरोलीतल्या भामरागडहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर दीडशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता. मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीला यायचं तर घाट. अशा वाटेवर छातीत नळी आणि पायाशी बाटली घेऊन माणूस निघतो. गचके बसतात, बाटली कलंडते. ती कलंडू नये म्हणून कुणीतरी ती मांडीवर घेतं, म्हणजे छातीच्या पातळीला आणतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ‘वाटेत भानगड नको’ म्हणून नळीला चिमटा लावून रुग्ण रवाना केला जातो. गळती चालू असताना नळी बंद केली तर हवा आत साठत जाते, फुप्फुस पूर्ण दबतं, मग हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब कोसळतो. हा टेन्शन न्यूमोथोरॅक्स. धावत्या गाडीत, अंधारात, तो ओळखायलाच वेळ लागतो. चिमटा लावणारा निष्काळजी असतो असं मी म्हणत नाही. त्याच्या हाती दुसरं काही दिलेलंच नसतं.

२०१४ पासून आपल्या राज्यात १०८ची सेवा आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. हे आपलं बलस्थान आहे. त्या गाडीतल्या पेटीत आणि प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात एकमार्गी झडप आणि तिला जोडायची पिशवी हवी. बाटली लावलेला रुग्ण दुसरीकडे पाठवायचा असेल तर बाटली काढून झडप लावायची आणि मगच गाडी सोडायची, असा लेखी नियम हवा. सोबत टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये सुईने हवा काढण्याचं प्रशिक्षण नव्याने द्यायला हवं. प्रौढांमध्ये सुई घालण्याची जागा आता बदलली आहे. अपघातग्रस्तांच्या उपचारांच्या एटीएलएस अभ्यासक्रमाच्या २०१८च्या आवृत्तीपासून गळ्याच्या हाडाखालच्या जुन्या जागेऐवजी काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, बरगड्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीत ती घालायला सांगतात, कारण वरच्या जागी पुष्कळांच्या छातीची भिंत सुईपेक्षा जाड भरते. आपल्याकडे अजून कित्येक जण जुनीच जागा शिकून आलेले आहेत.

आता घरी पाठवण्याबद्दल. इथे मला जास्त जपून लिहायचं आहे, कारण उत्साहाच्या भरात केलेली शिफारस रुग्णाच्याच अंगाशी येते.

२०२०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांचा एक अभ्यास आला. १६ ते ५५ वयाच्या, पहिल्या प्रकारच्या २३६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला छातीवरची ती झडपेची डबी, दुसऱ्याला नेहमीचा उपचार, म्हणजे सिरिंजने हवा काढणं, नळी घालणं किंवा दोन्ही. पहिल्या ३० दिवसांत रुग्णालयात काढलेल्या दिवसांचा मध्यांक नेहमीच्या उपचारात ४ आला आणि झडपेच्या गटात शून्य. शून्य म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्णांना एक रात्रही काढावी लागली नाही.

पण त्याच अभ्यासातले पुढचे आकडेही मी आपल्यासमोर ठेवते. झडपेच्या गटात ५५ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला, नेहमीच्या गटात ३९ टक्के. गंभीर म्हणावेत असे १४ प्रसंग घडले आणि ते सगळे झडपेच्या गटात. त्यातले ८ थेट साधनाशी किंवा उपचाराशी जोडलेले होते: साधन बिघडणं, गळणं, निघून येणं, न्यूमो वाढणं, फुप्फुसात पाणी उतरणं. म्हणून ‘झडप लावा आणि सोडून द्या’ असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. झडप लावलेला माणूस घरी असला तरी तो रुग्णच आहे आणि त्याच्यावर नजर ठेवायची व्यवस्था नसेल तर त्याला वॉर्डातच ठेवलेलं बरं.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे फुप्फुस आधीच आजारी असलेल्यांसाठी पुरावा आणखी कमकुवत आहे. ४१ रुग्णांच्या एका छोट्या ब्रिटिश अभ्यासात चालत्या-फिरत्या उपचाराने मुक्काम कमी झाला नाही. मोठी गळती बारीक नळीला पेलत नाही, हे त्यामागचं उघड कारण. टीबीने जर्जर झालेल्या रुग्णाला बारीक नळी आणि डबी लावून एसटीत बसवून द्यावं, अशी माझी मागणी मुळीच नाही.

आणि जिथे काहीच घालावं लागत नाही अशीही जागा आहे, ती आपण विसरलो आहोत. २०२०मध्येच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ३९ रुग्णालयांतल्या ३१६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुस बऱ्यापैकी कोलमडलेलं, पण रुग्ण स्थिर. त्यातल्या निम्म्यांना नळी घातली, निम्म्यांवर नुसती देखरेख ठेवली. देखरेखीच्या गटातल्या १५.४ टक्क्यांना पुढे नळी किंवा तत्सम काही करावं लागलं, बाकीचे त्याशिवाय सुटले. आत साठलेली हवा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, दिवसाला छातीच्या त्या बाजूच्या साधारण एक-दोन टक्के. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत याच दिशेने पाऊल टाकलं: एक्स-रेवरचा आकार एकटा पाहू नका, रुग्णाला त्रास किती आहे आणि त्याला स्वतःला काय हवं आहे ते विचारा.

शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. रुग्णाला विचारा. आपल्या सरकारी वॉर्डात त्या पोराला कुणी विचारत नाही की तुला इथे राहायचं आहे का, घरी जाऊन दर दोन-तीन दिवसांनी यायला जमेल का, घरी कोण आहे, रात्री गाडी मिळेल का. आपण त्याच्यासाठी ठरवतो, आणि ठरवताना आपल्या कागदांची सोय पाहतो.

कागदांवरून आठवलं. विम्याच्या नियमांत ‘रुग्णालयात दाखल’ म्हणजे किमान २४ तास, काही ठरावीक डे-केअर उपचार सोडून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रचनाही दाखल रुग्ण आणि त्याचं पॅकेज यांच्याभोवतीच फिरते. नळी घातली, रुग्ण खाटेवर ठेवला, तर पैसे मिळतात. झडप लावून सहा तास निरीक्षण केलं, एक्स-रे काढला, घरी सोडलं, मग तीन-चार वेळा बोलावून तपासलं, तर यातल्या कशाचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहायचा? डॉक्टरने रुग्णाचं भलं केलं तर रुग्णालयाला तोटा आणि रुग्णाला खिशातून खर्च. ही गाठ डॉक्टर सोडवू शकत नाहीत, विभागच सोडवू शकतो. झडप, त्या दिवसाचं निरीक्षण आणि पुढच्या फेऱ्या असं एकच डे-केअर पॅकेज तयार करा. खाटेचे वाचलेले दिवस धरले तर शासनाचं यात नुकसान होईल असं मला वाटत नाही. आपल्या लेखा विभागाने ते जरूर तपासून पाहावं.

देखरेख जमेल का, हा आक्षेप मला सगळ्यांत आधी ऐकू येईल. २०२०च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आपलीच माणसं ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर घेऊन घरोघर गेली होती. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वाचणं तेव्हा गावातल्या आजीबाईंनाही जमू लागलं होतं. टीबीच्या शोधमोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रं गावांपर्यंत पोहोचली. झडप लावलेल्या रुग्णाला नेमकं हेच हवं आहे: ऑक्सिमीटर, जवळपास एक्स-रे आणि तो पाहू शकणारा माणूस. यंत्रं आणि माणसं दोन्ही आपल्याकडे आहेत, ती या रुग्णापर्यंत पोहोचवणारा कागद नाही.

तो कागद कसा असावा, याबद्दल माझा आग्रह आहे. घरी कोण जाऊ शकतो: फुप्फुसाचा जुना आजार नाही, झडप लावल्यावर दम गेला आहे, ऑक्सिजन लावावा लागत नाही, झडपेनंतरचा एक्स-रे सुधारलेला आहे, घरी सोबतीला प्रौढ माणूस आहे, फोन आहे, आणि एक्स-रे व नळी घालण्याची सोय असलेलं रुग्णालय तासाभरात गाठता येतं. यातली एक अट हुकली तरी मुक्काम. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या रुग्णाला झडप लावून गडचिरोलीला सुरक्षित आणावं, पण पावसाळ्यात झडपेसह परत पाठवू नये. अंतर ही इथे वैद्यकीय अट आहे, आणि ती प्रत्येक जिल्ह्याने आपापल्या रस्त्यांप्रमाणे ठरवली पाहिजे.

परिचारिकांचं प्रशिक्षण डॉक्टरांच्या आधी व्हावं. झडपेवर बाण असतो, तो रुग्णापासून बाहेरच्या दिशेला हवा. उलटी जोडली तर हवा कोंडून टेन्शन न्यूमोथोरॅक्स होतो, आणि जगभरात हे घडलेलं आहे. झडपेच्या पुढे पिशवी लावली तर त्या पिशवीला हवा जायची वाट ठेवावी लागते. बंद लघवीची पिशवी जोडली की ती फुग्यासारखी फुगते, आणि तट्ट झाली की पुढे हवा जाऊ शकत नाही. रक्ताची गुठळी किंवा घट्ट स्राव रबरी ओठांत अडकला तर झडप चिकटते. बाटलीत बुडबुडे दिसतात तसे इथे दिसत नाहीत, म्हणून गळती थांबली का हे पाहायला झडपेचं बाहेरचं टोक पेलाभर पाण्यात बुडवून रुग्णाला खोकायला सांगायचं. हे सगळं शिकायला एक दुपार पुरते, पण ती दुपार प्रत्येक सिस्टरला मिळाली पाहिजे.

रुग्णाच्या हातात मराठीत, मोठ्या अक्षरांत एक पान द्यावं. शक्य असेल तिथे गोंडी, कोरकू, भिली भाषेतही. दम वाढला, छातीत पुन्हा कळ आली, मान-चेहरा सुजून दाबल्यावर चरचर लागली, नळी निसटली, ताप आला, तर कुणाला फोन करायचा आणि थेट कुठे जायचं. आंघोळीला काय करायचं. दुखण्यावर कोणती गोळी घ्यायची, कारण छातीतली नळी दुखते आणि आपण वेदनेकडे फार दुर्लक्ष करतो. विडी-सिगारेट का सोडायची. आणि हेही लिहावं की पहिल्या वेळेनंतर साधारण तिघांतल्या एकाला हे पुन्हा होतं, म्हणून झडप निघाली की विषय संपला असं नाही. पुन्हा झालं तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, आणि विमानप्रवास एक्स-रे पूर्ण स्वच्छ झाल्यावरही किमान आठवडाभर टाळायचा असतो. आखातात कामाला जाणाऱ्या आमच्या कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या पोरांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. ते तिकीट काढूनच तपासायला येतात.

सगळ्या राज्यात एकदम सुरू करा असं मी म्हणत नाही. छातीरोग विभाग असलेली काही वैद्यकीय महाविद्यालयं निवडा. तिथे वर्षभर नोंद ठेवा: किती जणांना झडप लावली, किती परत आले, कशासाठी आले, कुणाला बाटली लावावी लागली. ब्रिटनचे आकडे ब्रिटनचे आहेत. आपल्या रुग्णाचं वजन, त्याचं घर, त्याचा रस्ता आणि त्याची मजुरी वेगळी आहे, आणि आपले आकडे आपल्यालाच गोळा करावे लागतील. ते वाईट निघाले तर ही मागणी मागे घ्यायला मी सगळ्यांत आधी येईन. रुग्णवाहिकेतल्या झडपेसाठी मात्र वर्षभर थांबू नका. तिला कुठल्याही नव्या अभ्यासाची गरज नाही, खरेदीच्या यादीत एक ओळ वाढवली की झालं.

अत्यावश्यक साहित्याची यादी आपण वेळोवेळी सुधारता. पुढच्या सुधारणेत एकमार्गी झडप आणि हवा जाऊ देणारी पिशवी यांचा समावेश होणार आहे की नाही, एवढं लेखी कळवावं ही विनंती. नियमांचा मसुदा करायला, सिस्टरांना शिकवायला, १०८च्या डॉक्टरांसमोर प्रात्यक्षिक द्यायला आम्ही छातीरोगाचे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी, स्वखर्चाने येऊ. आपण फक्त तारीख द्या.

आपली विश्वासू,
जिल्ह्याच्या ठिकाणची एक छातीरोगतज्ज्ञ